चार ठोक्यांची मोकळी जागा

चाळीस प्रश्न काढायला मला तीन आठवडे लागले होते. ते संपवायला एका मेंढीला पाच मिनिटं पुरली.

पण मेंढीपर्यंत पोचायच्या आधी मी जालना जिल्ह्यात गेलो कशाला, ते सांगायला हवं. विम्याच्या कचेरीतून सुटका झाल्यावर, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, मी गाणं शिकायला लागलो. पेटी घेतली, गुरुजी धरले. गुरुजींनी दोन वर्षांत मला तीन राग दिले आणि स्वतःसाठी पुष्कळ सुट्ट्या घेतल्या. सोसायटीतल्या लोकांनी नम्रपणे विनंती केल्यापासून मी दारं-खिडक्या लावून रियाज करतो. माझी बायको मालती त्या वेळेला स्वयंपाकघरात मिक्सर लावते. आमच्याकडे चटण्या फार होतात.

अशात कुणीतरी मोबाईलवर सुभद्राबाईंचं गाणं पाठवलं. बाई जाफराबादकडच्या, मेंढपाळ घरातल्या. पंचेचाळिशीत गायला लागल्या, गाणी स्वतःच रचतात, नवरा ढोल वाजवतो. आता चोपन्न वर्षांच्या आहेत आणि गावोगावची बोलावणी येतात. मी ते गाणं अकरा वेळा ऐकलं आणि मनात आलं, या बाईला विचारलं पाहिजे की या वयात हे कसं जमवलंत. म्हणजे मलाही जमेल.

मालती म्हणाली, "विचारून या. पण त्यांना काही म्हणून दाखवू नका."

मस्तगड

जालन्यात मी उतरलो शरदकडे. शरद माझा कचेरीतला जुना सोबती. बदलीवर पुण्याला आला, बारा वर्षं माझ्या टेबलाला टेबल लावून बसला आणि निवृत्त होताच परत आपल्या मस्तगडात पळाला. खाली दुकानं, वर घर. जिन्यात पाय ठेवायच्या आधी खालच्या दुकानाच्या पोत्यांची परवानगी घ्यावी लागते.

सकाळी वहिनींनी गरम धपाटे आणि दही पुढं ठेवलं. मी कौतुकानं म्हणालो, "आमच्या थालीपिठासारखंच आहे."

वहिनींचा हात थांबला. शरद म्हणाला, "हे असं इथं बोलू नको. खा गुमान."

मी गुमान पाच खाल्ले. मग प्रश्नांची वही काढून दाखवली. वळणदार अक्षर, डावीकडे समास, प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरासाठी चार ओळी मोकळ्या. शरदनं चष्मा लावून सतरावा प्रश्न मोठ्यानं वाचला, "'आपल्या गायकीवर कोणत्या घराण्याचे संस्कार आहेत?' अरे, मेंढरं राखलेल्या बाईला तू घराणं विचारणार?"

"लोकसंगीतातही परंपरा असतात, शरद."

"असतील. एक ऐक. तिच्यासमोर गाऊ नको."

"मी कशाला गाईन?"

"बारा वर्सं बाजूला बसलोय. कुणी म्हन म्हनलं न म्हनलं, तू गातोस."

माझ्या दोन शहाण्या हितचिंतकांनी, एकमेकांना न विचारता, मला एकच गोष्ट बजावली होती हे इथं नोंदवून ठेवतो. पुढं उपयोगी पडेल.

जाफराबादची जीप

भोकरदनपर्यंत एसटी आणि तिथून जीप. मला पाहुणा म्हणून मानाची जागा मिळाली, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी, गिअरच्या दांड्यावर मांड ठोकून. गिअर बदलायच्या आधी ड्रायव्हर "साहेब, पाय" म्हणायचा आणि मी पाय उचलायचो. जाफराबादपर्यंत जीप आम्ही दोघांनी मिळून चालवली.

बाहेर काळी रानं होती. तुरीवर पिवळी फुलं आली होती, कपाशीची दुसरी वेचणी चालू होती, आणि बायांच्या ओट्या फुगून त्या सगळ्या एकदम लठ्ठ दिसत होत्या. माझ्या डाव्या खांद्यावर रेललेले गृहस्थ रंगनाथशेठ, जाफराबादेत त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान. मी सुभद्राबाईंकडे निघालोय कळताच ते सावरून बसले.

"मी बी हाव तिच्या गाण्यात," ते म्हणाले. "नावासकट."

"अरे वा. काय म्हटलंय?"

"दुकान, तराजू, सगळं हाय. एक ओळ मात्र मी उडवली."

"म्हणजे?"

"रीत हाय तिची. गाण्यात कुणाचं नाव घेतलं, की गाणं आधी त्याच्या दारात येऊन म्हनती. त्याला एक ओळ काढून टाकायचा हक्क. एकच. दोन न्हाई."

"तुम्ही कोणती काढलीत?"

रंगनाथशेठनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "ते सांगायचं असतं, तर उडवली कामून असती?"

मागच्या सीटवर हशा झाला. एक बाई म्हणाल्या, "आमाला ठावं हाय. भेसळीची व्हती."

"न्हाई, न्हाई, दुसऱ्या घरची व्हती," आणखी कुणीतरी म्हणालं.

"बघा," रंगनाथशेठ मला म्हणाले. "काढलेल्या ओळीच्या जागी ती दुसरी ओळ घालीत न्हाई. तितकी जागा मोकळी ठिवती. चार ठोके नुस्ता ढोल वाजतो. अन् त्या चार ठोक्यात सारं गाव ज्याच्या त्याच्या मनाची ओळ भरतं. पाच वर्सं झाली. खरी ओळ इतकी वंगाळ न्हवती हो."

ही तिसरी सूचना. मी ती वहीत लिहूनसुद्धा घेतली. पुढं वहीचं काय झालं ते आलंच आहे.

चंद्री

गाव जाफराबादच्या पुढं, पूर्णेच्या अंगाला. दोन एकर रान, त्यात पत्र्याचं घर, अंगणात बाभळीखाली बाज. सुभद्राबाई ठेंगण्या, काटक. कपाळावर मोठं कुंकू, आवाज बोलतानासुद्धा शेताच्या त्या टोकाला असलेल्या माणसाशी बोलावं असा. त्यांचे यजमान किसनराव बोलायचे कमी आणि बोलले की बायकोची फिरकी घ्यायला.

"आधी जेवा," बाई म्हणाल्या. "सवाल कुठं पळून जात न्हाईत."

इथं बाई चुकल्या.

बाजरीची भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा. आमच्याकडे पाहुण्याला 'तिखट चालतं ना' असं विचारतात. इथं पाहुणा रडायला लागला की पाणी देतात. मी डोळे पुसत आमटी ओरपत होतो, वही बाजेवर ठेवली होती, आणि मागून कागद फाटल्याचा मऊ आवाज आला.

एक म्हातारी, एका पायानं अधू मेंढी वही खात होती. घाई नव्हती तिला. एकेक पान ओढून, नीट चावून. मी धावलो तेव्हा ती 'गायन व समाज' या विभागात होती.

"चंद्रे," बाई म्हणाल्या, रागानं नव्हे, शेजारणीला म्हणावं तसं. "पाव्हण्याचं हाय ना ते."

किसनराव म्हणाले, "खाऊ द्या. तिला कागद सोसतो. मागं माझं रेशनकार्ड पचवलं."

अशा रीतीनं मुलाखत बिनप्रश्नांची झाली, आणि म्हणूनच झाली. कारण माझा पहिला प्रश्न सांगीतिक प्रवासाच्या मुहूर्तमेढीबद्दल होता. तो चंद्रीच्या पोटात गेल्यामुळं मी साधं विचारलं, "तुम्ही गायला कशा लागलात?"

"मेंढरं इकली," बाई म्हणाल्या. "दोनशे व्हती. चराई राह्यली न्हाई, मान्सं राह्यली न्हाई, गुडघे राह्यले न्हाई. इकली. मंग सकाळी उठले, अन् बोलायचं कुणाशी? तीस वर्सं मी दिवसभर मेंढराशी बोलत आल्ते. तोंड चालूच राह्यलं."

"मी व्हतो की," किसनराव म्हणाले.

"तुमी जवाब देता. मेंढरू देत न्हाई."

"आधी मेंढरं ऐकायची, आता गावं ऐकत्यात," किसनराव मला म्हणाले. "मेंढरं बरी व्हती. अजून एक म्हना, असं म्हनत नसायची."

मग चंद्रीची गोष्ट निघाली. त्यांच्या घराण्यात रीत अशी, की कळप विकला की विकणाऱ्यानं एक मेंढरू परत मागायचं. कुठलंही. घेणाऱ्यानं नाही म्हणायचं नाही. लोक अर्थातच सगळ्यात तगडं मागतात. सुभद्राबाईंनी ही अधू म्हातारी मागितली; घेणाऱ्याला इतका आनंद झाला की त्यानं वर चहा पाजला.

"हिलाच का?"

"माझा आवाज आला की ही मान वळवायची. बाकीच्या चरत ऱ्हायच्या."

आणि कळपातलं एक परत मागायचा तोच हक्क त्यांनी गाण्यात आणला होता. "मी मान्साला नावानिशी गाण्यात घालती. त्याचं काय तरी घेतलं ना मी? मंग त्यानं एक परत मागावं."

मी हे सगळं ऐकून फार भारावलो होतो. माणूस भारावला की चुका करतो. बाई सहज म्हणाल्या, "तुमी बी गाता म्हने, दादा," आणि शरद, मालती, दोघांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढं येऊन गेले, आणि मी डोळे मिटून त्यांना घालवलं. भूप लावला. मध्येच चंद्रीच्या गळ्यातली घंटी वाजली. मला वाटलं तिनं ठेका धरला.

डोळे उघडले तेव्हा किसनराव ढोलाची दोरी फार बारकाईनं तपासत होते, आणि चंद्री, जी माझे चाळीस प्रश्न खाऊन तृप्त बसली होती, ती उठून, लंगडत, तुरीपलीकडे निघून गेली होती.

"चरायला गेली असंल," बाई म्हणाल्या. दयाळू बाई.

रात्री त्यांच्या सूनबाईंकडून मला खरी भानगड कळली. तिसऱ्या दिवशी कुंभार पिंपळगावला बाईंचा कार्यक्रम होता. ते त्यांचं माहेर. नऊ वर्षांत जालना झालं, भोकरदन झालं, पार बीडपर्यंत त्या गाऊन आल्या, पण माहेरी एकदाही गायल्या नव्हत्या. कारण एक गाणं होतं, थोरल्या भावावर, नानांवर. बारा वर्षांच्या असताना बाई गावच्या यात्रेत ढोलावर गात होत्या. ढोल नानांच्या गळ्यात होता. नानांनी भर गाण्यात हात थांबवला आणि सगळ्यांसमोर तिला गप्प केलं. त्यानंतर बाई तेहतीस वर्षं फक्त मेंढरांत बोलल्या. ते गाणं दोन वर्षांपासून तयार होतं आणि कुणीच ऐकलं नव्हतं, कारण आधी नानांनी ऐकायला हवं. बाई तीनदा माहेरी गेल्या. तिन्ही वेळा नाना म्हणाले, "कामात हाय."

"आता म्हनून टाका म्हनलं मी सरळ," किसनराव म्हणाले. "मान्सं जमत्यात, ढोल हाय."

"रंगनाथशेठला ऐकवल्याबिगर म्हनलं न्हाई," बाई म्हणाल्या, "अन् सख्ख्या भावाला चोरून म्हनू?"

"अन् त्यानं तीच ओळ काढली तर? गप केल्याची?"

"तर काढली. गाणं मरंल. पर मंग मी तिथं दुसरं कायबी म्हननार न्हाई. माहेरात तोंड उघडायचं तर ह्याच गाण्यानं, न्हाई तर न्हाई."

बोलताना त्या चंद्रीच्या पाठीतली कुसळं काढत होत्या. कुसळं संपली तरी हात चालूच होता.

सकाळी चहाच्या आधी त्या माझ्या बाजेपुढं येऊन उभ्या राहिल्या. किसनरावांच्या गळ्यात ढोल होता. म्हणाल्या, "दादा, तुमचं तयार झालं."

*पुन्याचा पाव्हना आला सवालाची वही घेऊन*
*माझ्या चंद्रीनं टाकली सारी वही चावून*
*पाव्हन्यानं सूर लावला डोळे मिटून घेऊन*
*चंद्री बिचारी गरीब, ती बी गेली उठून*
*जवाब पाह्यजे तर सकाळी ये टोपली घेऊन*

सून पदरात तोंड लपवून आत पळाली.

"एक ओळ तुमची," बाई म्हणाल्या.

विचारी माणसानं शेवटची ओळ काढली असती. टोपली घेऊन मेंढीमागं उत्तरं गोळा करणारा पुण्याचा माणूस हे चित्र काही शोभेचं नाही. पण मला माझ्या गाण्याचा अभिमान. मी चौथी काढायला सांगितली.

"बघा बरं," किसनराव म्हणाले. "मोकळी जागा ऱ्हाती."

"राहू द्या," मी म्हणालो.

कुंभार पिंपळगाव

जाफराबादहून कुंभार पिंपळगाव म्हणजे जिल्ह्याच्या या टोकाहून त्या टोकाला. जालना, अंबड, घनसावंगी. रस्त्याला मोसंबीच्या बागा लागल्या, गाडीभर लोकांनी मोसंब्या सोलल्या आणि मला इतक्या दिल्या की मी नाही म्हणायला तोंड उघडलं की त्यात फोड यायची. बाईंनी एकही खाल्ली नाही.

नानांचं घर गावाच्या कडेला, मागं तीस-चाळीस मेंढरांचा वाडा. नाना साठीच्या पुढचे, उंच, डोक्याला पांढरा रुमाल. दारात बसून चातीवर लोकरीचं सूत काढत होते. ती लाकडी चाती मांडीवर फिरवून सोडायची, ती गरगरत राहते आणि बोटांतून धागा उतरतो. आम्ही आलो तरी चाती थांबली नाही.

"या दाजी," ते किसनरावांना म्हणाले. "ये गं. हे कोण?"

"पुन्याचे पाव्हणे हायत. गाण्याचे," बाई म्हणाल्या.

"हं," नाना म्हणाले. त्या 'हं'मध्ये गाणं आणि पुणं दोन्ही आलं.

संध्याकाळी बाईंनी विषय काढला. नाना म्हणाले, "कामात हाय." जेवताना काढला. "जेवू दे." घास गिळून मी मध्ये पडायला गेलो, तर किसनरावांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकून माझं तोंड बंद केलं.

दुसरा दिवस बाजाराचा. दुपारी चार वाजता, बाजार उठायच्या आधी, पारावर कार्यक्रम. सकाळचे आठ वाजले तरी नाना चाती फिरवतच होते. बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"नाना, तू काम कर. मी म्हनते."

नानांनी चाती पुन्हा फिरवली. नाही म्हणाले नाहीत हे पाहून किसनरावांनी हलकेच ढोल गळ्यात घातला. नानांची बायको, पारूबाई, चुलीपुढून उठून दाराच्या चौकटीला येऊन टेकली.

*बारा वर्साची सुभद्रा, यात्रंत उभी गात*
*ढोल नानाच्या गळ्यात, नानाचा थांबला हात*

चाती गरगरत होती. नानांनी वर पाहिलं नाही.

*भरल्या मान्सात म्हनला, गप बस, बाईची जात*

आता माझी बाजू समजून घ्या. मी दोन वर्षं दर रविवारी मैफलींना जातो आहे. आमच्याकडे उत्तम जागा आली की श्रोत्यानं दाद द्यायची असते. ती दिली नाही तर शेजारचा आपल्याला अडाणी समजतो. 'जात'वर बाईंनी आवाज जो खाली उतरवला, जसं कुणी पोरीचा खांदा दाबून तिला खाली बसवतंय, तो ऐकून माझ्या तोंडून निघून गेलं,

"वा!"

भावानं केलेल्या बहिणीच्या अपमानाच्या ओळीवर, त्या भावाच्या दारात, त्याच्या भाकरी खाऊन.

ढोल थांबला. चाती थांबली. पारूबाईंनी कपाळाला हात लावला. नानांनी प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमाला आवडली ही ओळ?"

"नाही… म्हणजे, चाल," मी म्हणालो. "चाल चांगली आहे."

नाना बहिणीकडे वळले. "पाव्हण्याला आवडली. परत म्हन."

बाईंचा चेहरा उतरला. तरी म्हणाल्या.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा म्हणताना बाईंचा आवाज हलला. मला जमिनीत जावंसं वाटत होतं, पण ती शेणानं सारवलेली आणि घट्ट होती. नाना डोळे मिटून बसले होते. मग म्हणाले, "फुडं."

*नाना तरी काय करील, रीतच होती घरात*
*तीस वर्स बोलले मी मेंढराच्या कळपात*

संपलं. वाड्यातली मेंढरं ओरडली.

"एक ओळ माझी ना?" नाना म्हणाले.

"तुझी."

किसनरावांनी डोळे खाली घातले. मी मनातल्या मनात त्या तिसऱ्या ओळीचा निरोप घेतला. माझ्या 'वा'नंच तिचा घात केला होता.

"चवथी काढ," नाना म्हणाले.

बाईंना वाटलं त्यांचं मोजायचं चुकलं. "चवथी? 'नाना तरी काय करील' ती? नाना, ती तुझ्या बाजूची हाय."

"म्हनून काढ. रीत होती म्हनं. ढोल माझ्या गळ्यात व्हता का रीतीच्या?"

"तिथं जागा मोकळी ऱ्हाती माझ्या गाण्यात. लोक म्हन्तील, नानानं काय तरी लपवलं."

"म्हनू दे." त्यांनी चाती परत फिरवली. "अन् ह्या पाव्हण्याला च्या द्या कुणी. घाम फुटलाय त्याला."

बाई आत गेल्या त्या पारूबाईंच्या मागोमाग. आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला, मग पारूबाईंचा: "पस्तीस वर्सं झाली मला ह्या घरात. मला एकदा बी न्हाई म्हनलं, माझं चुकलं म्हनून. तू गाणं रचून घेतलंस. मला बी शिकीव."

बाजार

चार वाजता पाराभोवती गर्दी झाली. एका बाजूला कांद्याचे ढीग, एका बाजूला बैलांचे कासरे आणि घुंगरमाळा, मध्ये माणसं. बाई उभ्या राहिल्या. सुरुवात त्यांनी माझ्यापासून केली. म्हणाल्या, आधी पाव्हण्याचा मान.

'डोळे मिटून घेऊन' झालं आणि ढोलाचे चार ठोके एकटे वाजले. टक, टक, टक, टक. त्या चार ठोक्यांत साऱ्या बाजारानं माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून सूर लावला आणि मग काय झालं असेल, याचा ज्यानं त्यानं आपापल्या परीनं विचार केला, आणि एका वेळी सगळे हसले. कासरेवाल्याला उचकी लागली. माझ्या मागच्या म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "दात पडले का काय त्याचे?" रंगनाथशेठ, मला माफ करा. तुमची आठवण आली.

मग नानांचं गाणं आलं. 'गप बस, बाईची जात' म्हणताच माणसं गप्प झाली, कारण गावातल्या जुन्या माणसांना ते आठवत होतं, आणि नाना पुढच्याच ओळीत, घोंगडीवर, सगळ्यांना दिसतील असे बसले होते. मग चार ठोके.

मी मागं वळून लोकांचे चेहरे पाहिले. प्रत्येक जण नानांच्या रुमालाकडे बघत होता आणि मनात ओळ भरत होता. मारलं असेल. दावणीला बांधलं असेल. इतकं वाईट काय होतं की काढायला लावलं. तिथं काय होतं हे फक्त आम्हा पाच माणसांना ठाऊक होतं.

नाना समोर बघत बसले होते. मांडीवर त्यांचा उजवा हात होता. ढोलाच्या चारही ठोक्यांना तो उचलला जात होता आणि पडत होता, आणि ठोके संपून बाई पुढं गायला लागल्या तरी तो थांबला नाही.

घरी

पुण्याला आल्यावर मी मालतीला मोबाईलवर दोन्ही गाणी ऐकवली. माझ्या गाण्यावर ती इतकी हसली की तिला बसावं लागलं. टोपलीची ओळ तिनं लगेच पाठ केली.

"आणि इथे काय होतं? मध्ये नुसता ढोल वाजतो तिथे?"

"काही नाही. तांत्रिक."

मग तिनं नानांचं ऐकलं. तिथंही चार ठोके आले तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, तिथं काय होतं आणि कुणी काढलं. तिनं मोबाईल उचलून तेवढंच परत ऐकलं.

"आता तुमची सांगा," ती म्हणाली.

नानांच्या नंतर खोटं बोलायला जीभ वळेना. मी सांगून टाकलं, की मी भूप म्हणायला लागलो आणि माझे चाळीस प्रश्न खाऊन बसलेली मेंढी उठून निघून गेली.

मालतीनं आमच्या लावलेल्या दाराकडे पाहिलं, लावलेल्या खिडक्यांकडे पाहिलं.

"नशीबवान," ती म्हणाली. "तिचं अंगण उघडं होतं."